दोघांच्या बाटल्या

सोमवार, ६ फेब्रुवारी

दवाखान्यातून एक वही मिळाली आहे. तिच्यात रोज आपल्या हाताला शून्य ते दहा मार्क द्यायचे आणि 'इतर शेरा' नावाच्या दोन बोटं रुंद रकान्यात काय ते लिहायचं. माझं एवढ्यात भागत नाही, म्हणून ही दुसरी वही. ही कुणाला दाखवायची नाही.

उजवा हात तीन वर्षांपासून थरथरतो. मांडीवर ठेवला तर गप्प असतो, काम सांगितलं की सुरू होतो, अगदी कामचुकार माणसासारखा. मी घड्याळं दुरुस्त करतो. तिळाएवढा स्क्रू चिमट्यात धरून जागेवर बसवायचा, हेच आयुष्यभर केलं. दादाचंही तेच, काम आणि थरथर दोन्ही. त्याची माझ्याआधी वर्षभर सुरू झाली. बाबांचाही हात शेवटी हलायचा. ते हात खिशात घालून गिऱ्हाइकाशी बोलायचे आणि आम्हाला वाटायचं, काय ऐट आहे.

मला आतून खात्री होती की हा कंपवातच, आणि म्हणून मी कुणाला दाखवतच नव्हतो. गेल्या महिन्यात एक बाई पट्टा बदलायला आल्या आणि पट्टा सोडून माझ्या हाताकडेच बघत राहिल्या. मेंदूच्या डॉक्टर निघाल्या. म्हणाल्या, हा कंपवात नाही, ही साधी थरथर, फार जणांना असते आणि घराण्यात चालत येते. तिच्यावर जी नेहमीची गोळी देतात ती आम्हाला चालत नाही, कारण दोघांनाही दमा. पण त्यांच्याकडे एका नव्या औषधाचा अभ्यास चालू आहे. त्यात दोघांनीही नावं घातली.

घाई एवढ्यासाठी की एप्रिलमध्ये घड्याळ कंपनीचा माणूस येणार आहे. आमच्या भागातली त्यांची सगळी दुरुस्ती तो एका कारागिराच्या नावावर देईल. दुकानाला नाही, कारागिराला. आपल्यासमोर काम करून दाखवायला लावणार आणि ज्याचा हात स्थिर, त्याचं नाव लिहून नेणार. त्याचं नाव लागलं की भिंगाखालचं काम त्याचं. दुसरा काउंटरवर उभा राहून पट्टे बदलणार.

सोमवार, १३ फेब्रुवारी

आज बाटल्या मिळाल्या. त्याआधी परीक्षा. कागदावर पेनाने गोल गोल जिलबी काढायची, मग एका पेल्यातलं पाणी दुसऱ्यात ओतायचं. माझी जिलबी कुणीतरी धावत्या गाडीत काढल्यासारखी झाली. पाणी सिस्टरच्या बुटावर गेलं.

सिस्टरने नीट समजावून सांगितलं. निम्म्या लोकांच्या बाटलीत औषध, निम्म्यांच्या बाटलीत नुसतीच गोळी. रंग, चव, आकार सगळं एक. कुणाला काय मिळालं ते तुम्हाला माहीत नाही, मला नाही, डॉक्टरांनाही नाही.

"मग माहीत कुणाला?" दादाने विचारलं.

"कॉम्प्युटरला."

दादाची एकेचाळीस नंबरची बाटली, माझी बेचाळीस. दिवसातून दोन गोळ्या. आपलीच बाटली वापरायची, दुसऱ्याला एकही द्यायची नाही, असं लिहिलेल्या कागदावर आम्ही सही करून आलो.

आणि बाहेर पडल्यावर शंभर पावलांत मी तो कागद मोडायचं सुचवलं. लपवत नाही, कल्पना माझीच. सकाळची गोळी आपापल्या बाटलीतली, संध्याकाळची एकमेकांच्या. एकाची जरी खरी असली तरी दोघांनाही मिळेल. आमच्या घरात दुसरी रीतच नव्हती. बाबा एक पेन्सिल आणायचे आणि मधोमध कापून दोघांना द्यायचे. बुंधा ज्याला मिळायचा तो रडायचा, कारण दुसऱ्याकडे टोक असायचं.

दादा आधी नको म्हणाला. सही केली आहे, म्हणाला. मी भरीस घातलं. मग म्हणाला, "बरं. अर्धं-अर्धं. शब्द." आम्ही हात मिळवला. कुणाचा हात कुणाला हलवतोय ते कळेना. रस्त्यात उभे राहून दोघं हसत सुटलो.

शनिवार, १८ फेब्रुवारी

संध्याकाळची गोळी घेतली की मला खुर्चीतच डुलकी लागते. दादाचं उलटं, तो सकाळच्या गोळीनंतर जांभया देतो आणि संध्याकाळी टवटवीत. आमची ही म्हणाली, "झोपायच्या पाळ्या लावल्यात का दोघांनी?"

हाताला चार मार्क.

गुरुवार, २३ फेब्रुवारी

डॉक्टरबाई आपलं घड्याळ न्यायला आल्या. मी आत होतो, पण सगळं ऐकू येत होतं. दादाने अगदी सहज आवाजात विचारलं, "एक विचारू? समजा एखाद्याने निम्मंच औषध घेतलं तर निम्मा गुण येतो का?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आधीच्या अभ्यासात निम्मा डोस देऊन पाहिला होता. झोप येते, हात तसाच राहतो. का हो, गोळ्या विसरताय का?"

"छे. उगाच आपलं."

त्या गेल्यावर दादा एकच काच बराच वेळ पुसत राहिला. मी बाहेर येऊन म्हटलं, "डॉक्टर लोकांना असं बोलावंच लागतं. काहीच नसण्यापेक्षा निम्मं बरं." तो हो म्हणाला, पण त्याचं लक्ष नव्हतं. मी त्याला भरीस घातलं याचं मला जरा वाईट वाटलं.

रविवार, २६ फेब्रुवारी

दादाने दोन प्लास्टिकच्या डब्या आणल्या. सात दिवसांचे सात कप्पे, प्रत्येकात सकाळ आणि संध्याकाळ वेगळी. म्हणाला, "छोट्या, तुझा गोंधळ असतो. एखाद्या दिवशी तू उलटंसुलटं घेशील, गोळ्यांची मोजणी चुकेल आणि आपण पकडले जाऊ. दोन्ही बाटल्या माझ्याकडे ठेव. दर रविवारी मी भरून देत जाईन."

एक्कावन्न वर्षांचा झालो तरी मी छोट्याच. पण खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, कारण या दोन आठवड्यांत मी संध्याकाळची गोळी दोनदा विसरलो होतो. आता सकाळी दुकान उघडलं की तो पाण्याचा पेला पुढे करतो, मी गोळी घेईपर्यंत उभा राहतो. संध्याकाळी कुलूप लावायच्या आधी पुन्हा. बाबा गेल्यापासून माझी एवढी काळजी कुणी घेतली नव्हती. हे बायकोला सांगितलं तर ती आठवडाभर बोलणार नाही.

रविवार, ५ मार्च

संध्याकाळची झोप एकदम गेली. शरीराला औषधाची सवय झाली असणार. आज कपभर चहा न सांडता टेबलापर्यंत नेला. सहा मार्क दिले. मग जरा लाज वाटली आणि साडेपाच केले.

सोमवार, १३ मार्च

पहिली तपासणी. रक्त काढलं, जिलबी काढली. सिस्टरचा चेहरा म्हणजे बंद कपाट. माझा कागद उचलून तिने फाइलमध्ये ठेवला, बरं नाही की वाईट नाही. दादाचा कागद मला ओझरता दिसला. वेटोळी अशी एकसारखी की घड्याळातली स्प्रिंग काढून चिकटवली असावी. मला मनापासून आनंद झाला. म्हणजे दोघांपैकी निदान एक बाटली खरी आहे.

माझीही बरी होती. कागद जरा सरकला.

गुरुवार, ३० मार्च

आज दादाने केसासारखी स्प्रिंग पहिल्या फटक्यात बसवली. चार वर्षांनी. मी दुसरं घड्याळ घेऊन बसलो तर माझी स्प्रिंग चिमट्यातून उडाली ती गेलीच. आम्ही दोघंही हातात बॅटरी घेऊन जमिनीवर रांगत होतो आणि त्याच वेळी गिऱ्हाईक आलं.

मी त्याला विचारलं, "औषध तेच, तुलाही अर्धं, मलाही अर्धं. मग तुझाच हात कसा सुधारला?"

भिंगातून डोकं वर न काढता तो म्हणाला, "माणसामाणसात फरक असतो." मग पाणी प्यायला उठला. हल्ली त्याच्या तोंडाला सारखी कोरड पडते, दिवसातून दहा वेळा पाणी पितो.

दुपारी वहिनी त्याचा चष्मा द्यायला आल्या. माझी डबी टेबलावर होती. तिच्याकडे बघून म्हणाल्या, "भाऊजी, आपली डबी आपण भरावी माणसानं. पन्नाशी उलटली आता." दादा म्हणाला, "तू घरी जा." वहिनींचा स्वभाव पहिल्यापासून तिखट, पण हे मला लागलं. मी काही त्यांच्या नवऱ्याला राबवत नाही. तो स्वतःहून करतो.

बुधवार, १२ एप्रिल

परवा दुसरी तपासणी झाली. पाणी पुन्हा सांडलं. सिस्टरने या वेळी बूट लांब ठेवले होते.

हाताला किती मार्क द्यावे कळत नाही. पाच लिहितो रोज. खरं म्हणजे तीन.

मंगळवार, १८ एप्रिल

कंपनीचा माणूस आज येऊन गेला. ठरल्याप्रमाणे आम्ही दोघं काम करून दाखवणार होतो. मी सकाळीच दादाला सांगितलं की मी बसत नाही.

का, ते नीट लिहून ठेवतो, म्हणजे पुढे स्वतःलाच फसवणार नाही. दोघांनी एकच औषध, एकाच मापाने, नऊ आठवडे घेतलं. त्याला लागू पडलं, मला नाही पडलं. यात कुणाचा दोष नाही. औषधाने मला पुरेपूर संधी दिली आणि माझ्या शरीराने ती घेतली नाही. असं असताना परक्या माणसासमोर हात थरथरवून दाखवायचा, दुकानाचं हसं करायचं आणि दादालाही संकोचात टाकायचं, याला काही अर्थ नाही. तो माझ्या जागी असता तर त्यानेही हेच केलं असतं.

मी सांगितल्यावर दादा "बस तरी," असं म्हणाला नाही. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. हात एकदम स्थिर होता.

नाव त्याचं लागलं. माझं भिंग आणि चिमटे मी त्याच्या खणात ठेवले. बायकोला घरी येऊन सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्ही उठलात की तुम्हाला उठवलं?" मी तिच्यावर ओरडलो. नको होतं ओरडायला.

सोमवार, ८ मे

शेवटची तपासणी. शेवटचं रक्त. रिकाम्या बाटल्या परत केल्या. मी विसरलेल्या दोन गोळ्या दादाने आधीच फेकल्या होत्या, त्यामुळे मोजणी दोघांचीही बरोबर. आमची तुकडी शेवटची होती, त्यामुळे सगळ्यांचे निकाल पुढच्या महिन्यात उघडणार आहेत.

काउंटरवर दिवस जातो. पट्टे, सेल, घड्याळ पुढे लावून देणं. एका म्हाताऱ्या गिऱ्हाइकाने विचारलं, "तुम्ही आत बसायचात ना?" मी म्हटलं, "आता हवा खायला बाहेर बसतो."

सोमवार, २६ जून

निकाल. दादा सकाळी जाऊन आला, मी दुपारी गेलो. सकाळी कंपनीची पेटी येणार म्हणून मला दुकानात थांबायला सांगितलं होतं. पेटी आली नाही.

डॉक्टरबाई म्हणाल्या, "तुमच्या बाटलीत औषध नव्हतं. वाईट वाटून घेऊ नका, आता अभ्यास संपला आहे, तुम्हाला खरं औषध सुरू करता येईल."

मी हसलो. मनात म्हटलं, बाईंना काय माहीत, निम्मं तर मी घेऊन बसलोय. आणि माझ्या शरीरावर ते चालत नाही हेही मला माहीत आहे. ते त्यांना सांगता येत नव्हतं, म्हणून मी एवढंच म्हटलं की मला वाटत नाही मला गुण येईल.

"का नाही? तुम्ही अजून घेतलंच नाहीये," त्या म्हणाल्या आणि कागद माझ्याकडे वळवला. तीन वेळच्या रक्ताचे तीन आकडे. शून्य, शून्य, शून्य. मी म्हटलं, यंत्रात चूक असेल. निम्म्यालाही काहीतरी आकडा येत असेल ना, असं तोंडातून निघून गेलं.

"निम्मं असतं तरी दिसलं असतं. हे यंत्र फार बारीक मापतं. पण तुमच्यात दिसायचं कारणच नाही. तुमच्या भावाच्या रक्तात पूर्ण डोस आहे, तुमच्यात काही नाही, जसं असायला हवं तसंच. तुम्ही दोघांनी अगदी नियमाने केलंत. एका घरातली माणसं घेताना मला धाकधूक होती."

त्या खुश होत्या. मी त्यांच्या समोर बसून मनातल्या मनात रविवार मोजत होतो. २६ फेब्रुवारीपासून दहा रविवार. दहा वेळा त्याने माझी डबी भरली. पाण्याचा पेला रोज दोनदा.

घरी येऊन हे पान चार वेळा लिहायला घेतलं.

मंगळवार, २७ जून

दुकान उघडल्या उघडल्या विचारलं. तो नाही म्हणाला नाही, याबद्दल त्याला एक मार्क देतो.

"निम्म्याने दोघांनाही काही झालं नसतं. बाईंनीच सांगितलं, तूही ऐकलंस. एकाने तरी पूर्ण घ्यायला हवं होतं."

"मग तू का? मी का नाही?"

"एकेचाळीस नंबर माझा होता. जांभया कुठल्या गोळीने येतात ते मला पहिल्या आठवड्यात कळलं. तुला कळलं नाही."

"आपण शब्द दिला होता."

"आधी सही केली होती. डब्या आणल्यापासून मी सही पाळली. तुझी गोळी तुला दिली, माझी मी घेतली. तुझ्या वाटणीची एकसुद्धा घेतली नाही, छोट्या."

प्रत्येक वाक्य खरं. मी एकच विचारलं, की मग रोज पाण्याचा पेला घेऊन माझ्यासमोर कशाला उभा राहायचास.

तो म्हणाला, "तुझी आशा मोडू नये म्हणून."

मला त्याला मारावंसं वाटलं. सत्तावन्न किलोचा माणूस, मला दम्याचा त्रास झाला की रात्रभर पाठ चोळणारा भाऊ, आणि मला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली. औषध घेतलं याचा राग नाही, खरंच नाही. मी दोन महिने माझ्या शरीराला दोष दिला. त्याच्यासमोर दिला. एप्रिलमध्ये माझं भिंग त्याच्या खणात ठेवताना तो ते बघत उभा होता आणि त्याला माहीत होतं की माझ्या शरीराला काहीच मिळालेलं नाही.

मीही साधू नाही. त्याने फेब्रुवारीत येऊन सांगितलं असतं की पूर्ण औषध मी घेतो, तर मी हो म्हटलं असतं का? नसतं म्हटलं. भांडलो असतो, चिठ्ठ्या टाकू म्हटलं असतं. म्हणूनच त्याने सांगितलं नाही. मला तो किती नीट ओळखतो, हेच सगळ्यात जास्त झोंबलं.

शनिवार, १ जुलै

वहिनी घरी आल्या. बसल्या नाहीत. म्हणाल्या, "मी सांगायचा प्रयत्न केला होता भाऊजी." मी म्हटलं, सरळ सांगायचं. त्या म्हणाल्या, "सरळ सांगून मला त्याच घरात राहायचं होतं." बायकोने त्यांना चहा दिला. मी आतल्या खोलीत गेलो. माझ्याबद्दल घरातल्या तिघांना माहीत होतं म्हणायचं: त्याला, वहिनींना आणि नकळत माझ्या बायकोला.

सोमवार, ३ जुलै

आज खरं औषध मिळालं. त्याआधी एका फॉर्मवर प्रश्न होता: अभ्यासाच्या काळात आपण स्वतःच्या बाटलीव्यतिरिक्त दुसऱ्याची गोळी घेतली का?

याच प्रश्नाला मी पाच महिने भीत होतो. खोटं कसं बोलायचं याची मी आरशासमोर तयारी केली होती. पहिल्या तेरा दिवसांच्या संध्याकाळच्या गोळ्या आठवल्या. विसरलेल्या दोन सोडल्या तर अकरा. त्या दादाच्या होत्या, खऱ्या होत्या. म्हणजे आम्ही एकमेकांशी प्रामाणिक होतो तेवढे अकरा दिवसच अभ्यासाच्या दृष्टीने गुन्हा आहेत.

मी 'हो' वर खूण केली आणि खाली तारखा लिहिल्या. डॉक्टरबाईंनी वाचलं आणि त्यांचा चेहरा पडला. मग म्हणाल्या की हे त्यांना लिहून कळवावं लागेल, आम्हा दोघांचे आकडे बहुतेक बाजूला काढावे लागतील. औषध मात्र कुणाचं बंद होणार नाही.

"आता का सांगितलंत? तुम्ही सांगितलं नसतं तर कळलंही नसतं," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "मला एका माणसाने चार महिने असंच कळू दिलं नाही."

शनिवार, ५ ऑगस्ट

पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ झोप, तोंडाला कोरड. मग एका सकाळी दाढी करताना लक्षात आलं की आपण वस्तऱ्याकडे बघतच नाही आहोत. थरथर थांबली होती. कालच्या तपासणीत सिस्टर पहिल्यांदा हसली.

आज दादाने स्वतःहून खुर्ची सरकवली. भिंग पुसून माझ्यापुढे ठेवलं, कंपनीच्या पेटीतलं बायकांचं एक घड्याळ उघडून दिलं. "बस. आता काय, दोघंही ठीक. पूर्वीसारखं करू. कागदावर नाव माझं, काम अर्धं-अर्धं."

मी बसलो. स्प्रिंग बसवली. एका फटक्यात, त्याच्याहून चांगली. हे मी फुशारकीने लिहीत नाही, त्यानेही भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. त्याला खरोखरच आनंद झाला होता, आणि हे मला जास्त जड गेलं.

मी झाकण बसवून घड्याळ त्याच्या हातात दिलं. खणातून माझे चिमटे काढून रुमालात गुंडाळले आणि सांगितलं की सोमवारपासून मी पुलापलीकडच्या दुकानात बसणार आहे, तिथल्या मालकाशी बोलणं झालं आहे.

त्याला कळेना. "वेडा आहेस का तू? हात थरथरत होता तेव्हा सगळं गिळून काउंटरवर उभा राहिलास. आता हात बरा झाला, आता सोडून चाललास?"

"हात थरथरत होता तेव्हा मला कोण घेणार होतं, दादा?"

घड्याळ अजून त्याच्या हातात होतं, चालू.